तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीची फी

पुण्याचे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, ‘ग्वाल्हेरात बंदूक बाळगतेस ना, मग जबर कर भरायला काय हरकत?’ अहो, भरतेच की! लायसन्सची फी, नूतनीकरणाची फी, वर राज्याची स्टॅम्प ड्यूटी. नव्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. माझी दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, ना पिस्तूल ना नवी; बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर माझ्या नावावर केलेली, म्हणून त्यातून सुटले.

पूर्वी मी फीच्या नावानंच भांडायचे. भिंड-मुरैन्याकडची कितीतरी माणसं स्वतःची बारा बोरची बंदूक घेऊन बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभी असतात. त्यांच्यावर कर म्हणजे सुताराच्या पटाशीवर कर, असं ठणकावायचे.

मग ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या गल्लीत ती बारात आली. नवरदेवाच्या मामांनी घोडीशेजारी बार काढले. दुसऱ्या बाराला नळी खाली आली आणि डोक्यावर लाइट धरलेल्या पोराच्या खांद्यात छर्रे घुसले. पोरगा मटकन बसला. पुढच्यांना कळलंच नाही, बँड वाजतच राहिला. मी पदर त्याच्या खांद्यावर दाबून धरला होता, आणि मामा मलाच समजावत होते, ‘लायसन्सी है बहनजी, सब भरा हुआ है.’ भरलेलं होतंच, पै न् पै. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड सहसा जातो सरकारजमा. पोराच्या ऑपरेशनसाठी बँडमास्तर वर्गणी मागत फिरला. पोरगा रोजंदारीवरचा, अख्ख्या लगीनसराईत घरी बसला.

फी किती, हा वाद मला तेव्हापासून फिजूल वाटतो. स्कूटरला थर्ड पार्टी विमा सक्तीचा. दुनालीचा मला कुणी विचारलाही नाही. अमेरिकेत सॅन होजे शहरानं २०२२ मध्ये बंदूकवाल्यांना विमा सक्तीचा केला. आपल्याकडे का नको?

तुम्ही म्हणाल, हप्ता गार्डला परवडेल का? नाही परवडणार. देशी कट्टेवाला तर ना फी भरतो ना हप्ता भरेल. आणि मामांनी कायदा मोडला म्हणून कंपनी हात वर करेल, हेही दिसतंय. मोटारीच्या दाव्यांत कोर्ट कित्येकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं, मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. तसं इथे करा म्हणते मी. गार्डचं मात्र मला सुचत नाही.

‘मग तू ती ठेवतेसच कशाला?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याचा फीशी संबंध नाही, आज उत्तर देणार नाही.