सरीतला रंग, वरंब्यावरचा रंग

मावशी कमरेच्या नायट्यासाठी आल्या होत्या. कराडकडच्या, वय ५८, जन्म उसाच्या रानात गेलेला. तपासायला टेबलावर पालथं झोपवलं आणि उजवा तळपाय दिसला. टाचेजवळ रुपयाएवढा काळा डाग. एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकट तपकिरी, कड वेडीवाकडी.

"ते व्हय? कुरूप हुतं, बिब्बा घातलाय."

बिब्ब्याचा डाग कातडी झडेल तसा काही आठवड्यांत जातो. हा दोन वर्षांपासून होता आणि पसरत होता. नायटा बाजूला राहिला.

मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग. गोऱ्या कातडीला तो बहुधा उन्हामुळे होतो. आपल्याकडे तो मुख्यतः तळपाय, तळहात, नखाखाली येतो, म्हणजे कुणी बघतच नाही तिथे. म्हणून उशिरा कळतो, आणि याची मला फार हळहळ वाटते.

डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवला. तळपायाच्या कातडीवर बारीक खाचा आणि उंचवटे समांतर धावतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत साचतो. इथे तो उंचवट्यांवर होता, रुंद पट्ट्यांनी. उंचवट्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीनं दिसतात, त्यामुळे गफलत व्हायला जागा नव्हती. तरीही मी तीनदा पाहिलं.

मोबाइलवर फोटो दाखवून म्हटलं, "मावशी, हे तुमच्या सरी-वरंब्यासारखं. रंग सरीत असता तर मी निश्चिंत असते. हा वरंब्यावर चढलाय."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजी पाणी फुटलंय म्हणा की."

सर्वांत गडद भागाचा तुकडा तपासणीला पाठवला. पायातला रोग पसरला की जांघेत गाठ येऊ शकते; ती लागत नव्हती, एवढाच काय तो दिलासा. अहवाल यायचे ते दिवस जड गेले. रोग कातडीत किती खोल उतरलाय, यावर पुढचं बरंच ठरतं; हे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं. मेलॅनोमाच निघाला. डाग पूर्ण काढल्यावर मोजलेली खोली ०.६ मिलिमीटर, म्हणजे उथळच. भोवतीची एक सेंटिमीटर निरोगी कातडीही काढावी लागली, वर मांडीची कातडी लावली.

सहा महिन्यांनी मावशी जाऊबाईंना घेऊन आल्या. न सांगता त्यांची चप्पल काढायला लावली.

"हिच्या पायावरबी हाय. सरीत हाय का वरंब्यावर, तेवढं बगा बाई."

सरीत होता.