साठातले चाळीस सेकंद

रात्री सव्वाअकराला पहिला नोड, म्हणजे पाण्याची पातळी मोजून रेडिओवर कळवणारा संच, गप्प झाला. कुंभी नदीच्या वरच्या अंगाला, घाटाजवळच्या पुलाखाली बसवलेला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच भागातले आणखी तीन गेले. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि ज्या ठिकाणांसाठी आम्ही हा सगळा खटाटोप केला होता, नेमके तेच ठिपके माझ्या स्क्रीनवर राखाडी होत चालले होते.

पंचगंगेचं पाणी वरून गोळा होत येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या मिळून प्रयाग चिखलीला एक होतात आणि मग कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा चढायला लागतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. पण राजारामवर आकडा चढेपर्यंत वरच्या गावांतल्या लोकांची गुरं सोडायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आम्ही वरच्या नद्यांवर चाळीस पूल आणि बंधारे निवडून तिथे पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर लावले होते. ते लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून डोंगरमाथ्यावरच्या एका गेटवेशी, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या केंद्राशी बोलत. त्यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा परवाना न लागणारा पट्टा वापरला होता. नोड सौर पॅनेलवर चालायचे, सिमकार्डाची गरज नव्हती.

लोरात वेग आणि पल्ला यांचा सौदा एका आकड्यात मांडता येतो. त्याला स्प्रेडिंग फॅक्टर, थोडक्यात एसएफ म्हणतात, 7 पासून 12 पर्यंत. लांबच्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना आपण जसा एकेक शब्द ताणतो, तसंच हे. आमचा 20 बाइटचा निरोप एसएफ 7 वर 57 मिलिसेकंदांत संपायचा. एसएफ 12 वर त्यालाच 1.32 सेकंद लागत, म्हणजे तेवीसपट. मोबदल्यात गेटवेला फार क्षीण, गोंगाटात बुडालेला सिग्नलही उलगडता येतो.

सगळे नोड एसएफ 12 वर ठेवायचा निर्णय माझा होता. वर प्रत्येक निरोपाला गेटवेने पोच द्यायची आणि पोच मिळाली नाही तर नोडने तोच निरोप पुन्हा पाठवायचा, हेही मीच ठरवलं होतं. आदल्या पावसाळ्यात एका बंधाऱ्याचे लागोपाठ दोन आकडे हरवले होते आणि ती गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. एकही आकडा हरवता कामा नये, एवढंच मी धरून बसले होते. उन्हाळाभर चाचण्या चोख झाल्या. तेव्हा नोड दर दहा मिनिटांनी बोलायचे.

त्या रात्री पहिला संशय पावसावर गेला. सहकारी म्हणालाच, "पावसानं रेंज खाल्ली." डिशचा टीव्ही पावसात जातो म्हणून हे सगळ्यांना पटतं, पण तो जातो कारण त्याची लहर 12 गिगाहर्ट्झच्या आसपासची असते. 865 मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांचा अडथळा जवळपास नसतोच. बॅटऱ्याही ठीक होत्या, शेवटच्या निरोपातले व्होल्टेज तसं सांगत होते.

साडेबाराला बंधाऱ्यावरच्या मामांचा फोन आला. "मॅडम, तासाभरात वीतभर पाणी चढलंय पट्टीवर. तुमच्याकडं काय दाखवतंय?"

माझ्याकडे पाऊण तासापूर्वीचा आकडा होता. मी तसं सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "मग मी दर अर्ध्या तासाला जाऊन बघतो आणि कळवतो." साठीचा माणूस, त्या पावसात, बॅटरी घेऊन बंधाऱ्याच्या टोकापर्यंत. फोन ठेवल्यावर मी कागद ओढला.

पाणी झपाट्यानं चढलं की नोड दहा मिनिटांऐवजी दर मिनिटाला बोलतात, तशीच योजना होती. म्हणजे मिनिटाला चाळीस निरोप, हवेतला एकूण वेळ 53 सेकंद. तीन चॅनलांत वाटला तरी प्रत्येकावर 18 सेकंद. हे नोड एकमेकांचं ऐकून बोलत नाहीत, वाटेल तेव्हा बोलतात. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये बेटं रेडिओने जोडली, तेव्हाची अलोहा पद्धत मुळात हीच. तिचं गणित कॉलेजात परीक्षेपुरतं केलं होतं. या भाराला पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून थोडेच जास्त निरोप धडपणे पोचतात. उरलेले पुन्हा पाठवले जातात, भार आणखी वाढतो.

पण खरा घाव पुढच्या ओळीत होता. आमचा गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. एसएफ 12 वरची एक पोच साधारण एक सेकंद घेते. चाळीस नोडांना पोच द्यायची तर मिनिटातले चाळीस सेकंद गेटवे बहिरा. मी त्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली. आकडा हरवू नये म्हणून जे केलं होतं, त्यानेच आकडे हरवत होते.

त्यातही हरवत होते ते वरचेच. दोन निरोप एकमेकांवर आदळले की त्यातला जोरकस बहुधा निभावतो. गेटवेजवळच्या, सपाटीवरच्या नोडांचा सिग्नल गोंगाटाच्या 8 डेसिबल वर होता. एसएफ 7 ला गोंगाटाखाली साडेसात डेसिबलपर्यंत चालतं. म्हणजे त्यांनी कुजबुजलं असतं तरी ऐकू आलं असतं, आणि ते शब्द ताणताणून ओरडत होते. घाटाजवळचे दुबळे आवाज त्याखाली चिरडले जात होते.

आता हे बदलायचं तर प्रत्येक नोडला हुकूम पाठवायला हवा, आणि हुकूम पाठवताना गेटवे पुन्हा बहिरा होणार. शिवाय हे नोड स्वतः बोलल्यानंतर क्षणभरच कान उघडतात. शेवटी ठरवलं की पोच तर जाणारच आहे, तिच्याच पाठीवर हुकूम बसवायचा. जे निरोप पोचत होते ते जवळच्यांचेच, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. एसएफ 7 वर या, पोच मागू नका. एकेक नोड खाली आला की हवेत तेवढी जागा मोकळी व्हायची. पहिल्या पाचांना तास गेला. पुढचे भराभर उतरले. पावणेचारपर्यंत 28 नोड एसएफ 7 किंवा 8 वर होते आणि मिनिटाच्या चाळीस सेकंदांऐवजी बाराच सेकंद पोचांत जात होते.

4 वाजून 20 मिनिटांनी कुंभीवरचा तो पहिला ठिपका हिरवा झाला. पुलाच्या तळापासून पाणी दोन हातांवर होतं. मी आधी तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला, मग मामांना. मामा म्हणाले, "माझी पट्टी आता दिसंना झालीया, बरं झालं तुमचं चालू झालं."

ओसरल्यावर आम्ही सगळी मांडणी बदलली. लांबचे नोड एसएफ 10 च्या वर फक्त गरजेपुरते जातात आणि पोच न मागता तोच निरोप थोड्या अंतराने दोनदा पाठवतात. पोच उरली ती फक्त इशारा पातळी ओलांडल्याच्या निरोपाला. प्रत्येक निरोपात आधीचे दोन आकडेही जातात. सहा बाइट वाढले, एसएफ 8 वर हवेतले 10 मिलिसेकंद जास्त लागतात. एखादा निरोप हरवला तरी पुढचा त्याचे आकडे घेऊन येतो.

मामा अजून फोन करतात. पाणी चढायला लागलं की पट्टीवरचा आकडा सांगतात आणि विचारतात, "जुळतंय का?" मी स्क्रीनवर बघून सांगते.