रोटुंगचे दगड

अरुणाचल म्हटलं की आपली मंडळी तवांगला धावतात. मी सियांगच्या खोऱ्यात गेलो तो टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसनी या जिवाच्या ओढीने. भारतात आढळणारा हा एकमेव वेल्व्हेट वर्म. मऊ मखमली अंग, आखूड जाडसर पायांच्या जोड्या, आणि डोळे बाहेरून दिसतच नाहीत. तोंडाजवळच्या दोन नळ्यांतून चिकट धारा सोडून हे प्राणी भक्ष्याला जागीच जखडतात.

१९११ साली इथल्या आदी जमातीच्या लोकांनी नोएल विल्यमसन या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं. त्याचा सूड घ्यायला फौज आली आणि तिच्यासोबत आलेल्या प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केंपना रोटुंग गावाजवळ दगडांखाली हा जीव मिळाला. नाव दिलं विल्यमसनचं. ज्यांच्या डोंगरात तो राहतो त्या आदींचं नाव कुठेच नाही, हे मला फार खटकतं. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं त्याचा पत्ता नव्हता. अलीकडे बंगळुरूच्या एट्री संस्थेच्या संशोधकांना तो याच खोऱ्यात पुन्हा सापडला.

दिब्रुगड, बोगीबीलचा पूल, पासीघाट, सगळं भराभर मागे पडलं. पुढे दरडींनी रस्त्याची वाट लावलेली. पण रोटुंगला ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी चुलीपाशी बसवून हातात आपोंगचा, म्हणजे तांदळाच्या घरगुती दारूचा, पेला दिला आणि अंग सैल झालं.

सकाळी घरमालक ओढ्याकाठी घेऊन गेले. दगडाची पलीकडची कड धरून ते तो आपल्या बाजूला अलगद कलता करायचे, म्हणजे खाली साप असला तर तो पलीकडे निघून जावा. खाली काळी ओली माती, एक गोम, मुंग्यांची पांढरी अंडी. बघून झालं की दगड त्याच खाचेत परत, सुटलेलं शेवाळंही बोटाने दाबून बसवलेलं. वेल्व्हेट वर्म काही दिसला नाही.

थोडं वर गेलो आणि माझं डोकंच फिरलं. आदल्या दिवशी आलेल्या फोटोवाल्यांनी दगडामागून दगड उलथून तसेच टाकले होते. ओली बाजू उन्हात, माती भेगाळायला लागलेली. वेल्व्हेट वर्मच्या अंगावरची श्वासाची छिद्रं मिटत नाहीत, त्यामुळे ओल गेली की तो सुकून मरतो. एवढ्या लांब येऊन फोटोपायी त्याचं घरच उघडं टाकायचं?

दुपारपर्यंत आम्ही दोघं दगड सरळ करत होतो. संध्याकाळी गावबुढ्यांकडे, म्हणजे गावच्या मुखियांकडे, विषय काढला. ते म्हणाले, पुढच्या वेळी अशा पाहुण्यांबरोबर गावचा माणूस जाईल. त्याची दिवसाची मजुरी पाहुण्यांनीच द्यावी, असं मी सुचवलं.