फेरीबोटीने खाड्या ओलांडत मुरुड ते रत्नागिरी – माझा अनुभव

गोवा हायवेचा कंटाळा आला होता म्हणून यावेळी मुरुडवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी केलं, कार बोटीत घालून. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार खाड्या लागतात, त्यामुळे इथे किलोमीटर मोजू नका, बोटीचं टायमिंग विचारून दिवस आखा.

गाडी चढवताना पहिल्यांदा जरा धडधडतंच. ओहोटी असली की उतार लांब, ओला आणि शेवाळलेला, पुढचं चाक लोखंडी फळीवर गेलं की खाडकन आवाज होतो आणि बोटीवरचा पोरगा "काका घ्या, अजून घ्या, घ्या... बस्स" करत वीतभर अंतर ठेवून गाडी लावून घेतो, मग दार उघडून बाहेर पडायचं ते पोट आत ओढूनच. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा आणि वरच्या डेकवर जा, गाडीत बसून राहण्यात काय मजा! बाजूला कोळणींच्या टोपल्या, दुचाक्या, शाळेची पोरं, सगळं एकाच बोटीत.

वेशवीला उतरलं की वर बाणकोटचा किल्ला, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलं होतं. सावित्री नदीचं मुख वरून मस्त दिसतं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला आणि निघालो.

खरा वेळ द्यायचा तो दाभोळला. बहुतेक लोक रांगेत गाडी लावतात आणि निघून जातात. अहो, बहमनी काळातलं एवढं मोठं बंदर हे, 1508 मध्ये पोर्तुगीजांनी लुटून जाळलं होतं! धक्क्याजवळच 1659-60 ची घुमटवाली मशीद आहे, लोक अंडा मशीद म्हणतात, विजापूरच्या शहजादीने बांधली असं सांगतात. जवळच गुहेतलं चंडिकादेवीचं देऊळ, वाकून आत शिरायचं, उजेड फक्त समयांचा, डोळे सरावायला वेळ लागतो. आणि गंमत म्हणजे एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा तो गाजलेला "दाभोळ" वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, वाशिष्ठी नदीच्या खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे, अंजनवेलच्या गोपाळगडाजवळ.

दाभोळ-धोपावे बोट चुकवली तर रस्त्याने चिपळूणवरून भलामोठा वळसा पडतो. तवसाळला जाताना हेदवी, वेळणेश्वर वाटेवरच आहेत पण शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच फोन करून विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. पेट्रोल दापोलीत नाहीतर गुहागरला भरून घ्या, आणि सुटे पैसे ठेवा, खाडीवर रेंज नसली की यूपीआय गोल गोल फिरत बसतं.