बावीस हजार, आणि टेम्पो सुरू

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा-वीस दिवसांवर आली की गोव्यातल्या आमच्या सत्तरीत चोर्ला घाट उतरून गुरांचे दलाल यायला लागतात. या दिवसांत घराघरांत पैसा लागतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. घराला रंग, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान, मुंबईची माणसं येणार. गाय विकायला याच्याइतका वाईट महिना नाही, आणि नेमक्या याच महिन्यात लोक विकतात.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट लावायची, वह्या भरायच्या, कॅन कुर्टीच्या डेअरीच्या गाडीत चढवायचे. गाईचा सौदा हे माझं काम नव्हे. पण त्या दिवशी सकाळी काकी रिकामी किटली घेऊन काउंटरशी रेंगाळली.

"चंद्रीला काढते रे. बावीस म्हणतोय. मुलगा कारखान्यात लागला, गवत कोण कापणार?"

चंद्री म्हणजे तिची होल्स्टीन संकरित गाय, दुसऱ्या वेताची. वेत ऐन भरात होतं तेव्हा चौदा लिटर देत होती, आता आठावर आली होती. मार्चात आणि एप्रिलात अशी दोनदा भरवली, म्हणजे गाभण राहावी म्हणून रेतन केलं. दुसऱ्या खेपेनंतर एकदा माजावर आल्यासारखी हंबरली, म्हणून काकीने "उलटली", म्हणजे गाभण राहिली नाही, असं ठरवून टाकलं. दूध उतरलेलं, पोटात काही नाही, म्हणजे गाय भाकड होत चाललेली. मीही म्हणालो, "बावीस म्हणजे ठीकच, पंचवीस मागून बघ." ते वाक्य आठवलं की आजही कान तापतात.

संस्था बंद करून गेलो तर टेम्पो अंगणातच उभा, इंजिन सुरू. दलालाने काकीच्या दिराचा हात टॉवेलखाली घेतला होता, बोटांनी भाव चाललेला. गाय काकीची, धार काकी काढते, आणि ती तुळशीपाशी उभी राहून टॉवेलकडे बघतेय. शेवटी तीच म्हणाली, "भावोजी, हात काढा. मला ऐकू येईल असं बोला."

मग त्याने तोंड उघडलं. डावा मागचा सड लागलाय, आचळ खराब आहे म्हणाला. मी स्टीलचं झाकण आणून त्यावर चार पिळे मारायला लावले. गुठळी नाही, पाणी नाही, स्वच्छ दूध. मग म्हणे आठ लिटर कशावरून? मी संस्थेची वही काढली. त्याने पान बघितलं आणि बरोबर बोट ठेवलं, "साहेब, हे तर तिन्ही गाईंचं मिळून आहे." खरंच होतं. आमच्या वहीत घराचं दूध लागतं, गाईचं लागत नाही. इतकी वर्षं भरतोय, पण विकायच्या दिवशी तिचा अर्धाच उपयोग होतो हे मला तेव्हा कळलं.

त्यावर उपाय एकच. आज संध्याकाळी कास पूर्ण पिळून रिकामी करायची, उद्या सकाळ-संध्याकाळची धार त्याच्यासमोर काढायची, आणि मापाने नव्हे, काट्यावर वजन करायचं. मापात फेस मोजला जातो. आणि आदली धार चुकवून कास तुंबवली असा संशयही उरत नाही. दलाल म्हणाला, "उद्यापर्यंत कोण थांबतो? घाटात धुकं उतरायच्या आत निघायचंय."

"निघा. पण गाय राज्याबाहेर न्यायची तर प्रवासाला धड असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो ना?"

"ते वाटेत बघू."

हे 'वाटेत बघू' मला खटकलं. हुशारी म्हणून नव्हे, हट्टाने मी डॉक्टरांना फोन लावला. ते शेजारच्याच वाड्यावर एका वासराला बघायला आले होते, अर्ध्या तासात पोचले. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर उतरवून घेतला, ताप बघितला, मग म्हणाले, गाभण आहे का तेही बघून घेतो. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. चंद्रीने पाठ वाकवली. डॉक्टर गप्प, नजर गोठ्याच्या कौलांकडे. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे.

"काकी, शेवटची कधी भरवली?"

"एप्रिलात. पण ती उलटली ना."

"उलटली कुठे? चार महिने होऊन गेलेत. गर्भपिशवीच्या शिरेची थरथर बोटाला लागतेय."

गाभण गायही कधीकधी माजाची लक्षणं दाखवते, हे त्यांनी नंतर सांगितलं. काकीने वाशाला खोचलेलं भरवल्याचं कार्ड शोधून आणलं. तारीख ९ एप्रिल. डॉक्टरांनी बोटांवर २८० दिवस मोजले आणि म्हणाले, संक्रांतीला विणार.

दलालाचा चेहरा मी मुद्दाम बघितला. आश्चर्य नव्हतं. आल्या आल्या त्याने गाईच्या उजव्या कुशीत मूठ दाबून बघितली होती, ते मला तेव्हा आठवलं. त्याला कळलं होतं का, देव जाणे. त्याने लगेच पस्तीस म्हटलं, मग अडतीस. एका श्वासात सोळा हजार चढले. काकी म्हणाली, "आता विकायचीच नाही मला. तुम्हाला तर नाहीच." टेम्पो रिकामा गेला.

चार दिवसांनी डिचोलीकडचा एक शेतकरी आला. दोन्ही वेळची धार समोर काढली, भरली आठ किलो दोनशे. शेहेचाळीसवर ठरलं. नोटा मोजताना काकी अचानक म्हणाली, "डावीकडून बसलात तर लाथ मारते हां. आणि आधी पेंड पुढ्यात ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाही." मी कपाळाला हात लावला. त्याने पाचशेची एक नोट परत खिशात घातली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढून दिली. कागदावर बिल्ल्याचा नंबर, गाभण असल्याची तारीख आणि लाथसुद्धा लिहिली. दावं मात्र काकीने सोडून घेतलं, त्याने स्वतःचं आणलं होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. गाय व्याली, पाडा झाला, म्हणजे नर वासरू. मी काकीला सांगितलं तर म्हणाली, "पाडा? मग पैसे परत मागत नाही ना तो?"