रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

"कोलेस्टेरॉलची नको, फक्त बीपीची द्या. रिपोर्ट नॉर्मल आलाय."

मेडिकलमध्ये माझ्या पुढे उभे असलेले काका. चिठ्ठीवरच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर त्यांनी पेनाने ठसठशीत काट मारली होती. दुकानदाराने बीपीच्या गोळ्यांची पट्टी दिली, काका गेले.

ती काट दिवसभर डोक्यातून जाईना. अहो काका, रिपोर्ट नॉर्मल आलाय तो त्या गोळीमुळेच! बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा वर चढतं. त्यात बीपी असेल तर धोका आणखी वाढतो. वाढलेल्या दाबाने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि कोलेस्टेरॉल तिथेच साचत जातं. दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून माणसाला पटतही नाही.

"आम्ही तेल कमी केलंय" असं घरोघरी ऐकते. छानच. पण ताटातलं लोणचं, पापड, संध्याकाळचं फरसाण? जागतिक आरोग्य संघटना मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा.

तुमच्या घरी कुणी डॉक्टरांना न विचारता अशी गोळी बंद केलीय का? आज जरा विचाराल?