घोडेस्वाराची टोपीदार बंदूक
आज सदाशिव पेठेतील एका ज्येष्ठ संग्राहकांकडे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील ब्रिटिश घोडदळाची ठासणीची कार्बाइन, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची आखूड बंदूक, हातात घेऊन निरखता आली. तिचा बार ठासायचा गज नळीच्या तोंडाशी फिरत्या कडीने जोडलेला असल्याने तो बाहेर ओढून, उलटवून पुन्हा नळीत घालता येतो आणि घोड्यावर बसून बार भरतानाही हातातून निसटून खाली पडत नाही. ही योजना पाहून मी अक्षरशः थक्क झालो. ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीच्या जागी आघाताने पेट घेणारी तांब्याची छोटी टोपी आल्यावर पावसाळी हवेतही बार उडण्याची खात्री पुष्कळ वाढली. अशी शस्त्रे घासूनपुसून चकचकीत करणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात चापावरचे आणि दस्त्यावरचे शिक्के झिजतात. संग्रह करू इच्छिणाऱ्यांनी 1959 चा शस्त्र कायदा आधी नीट वाचावा.